फर्डीचा चुकीचा सूर

मिलवॉकीच्या व्हॅली गे मेन्स कोरसचा नवा कंडक्टर डेव्हन हॅलरन याने सप्टेंबरमधल्या पहिल्याच तालमीला जाहीर केलं, की काही जणांना नाताळच्या कार्यक्रमाआधी आवाजाची परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. साठीच्या वरचे, असं तो म्हणाला नाही. तो म्हणाला, "ज्यांच्याकडे अनुभवाचं मोठं भांडार आहे, अशी मंडळी." तेहतीस वर्षांच्या माणसाकडे दोन पदव्या आणि एक रेशमी गळपट्टा असला, की त्याला अशी वाक्यं आपोआप सुचतात.

"भांडार म्हणजे आपण," व्हर्जिल पुटपुटला. व्हर्जिल टिब्ज हा शहरबस चालवून निवृत्त झालेला, सदुसष्ट वर्षांचा धिप्पाड माणूस. "माल जुना झाला की त्याला भांडार म्हणतात, मास्तर. अजून जुना झाला की विल्हेवाट म्हणतात."

मास्तर म्हणजे लॅम्बर्ट कोझलिक. वय चौऱ्याहत्तर. एकतीस वर्षं त्याने प्राथमिक शाळेतल्या मुलांना गाणं शिकवलं आणि छत्तीस नाताळ या कोरसमध्ये दुसरा टेनर म्हणून, म्हणजे उंच पुरुषी आवाजांच्या दुसऱ्या फळीत गायला. गाण्याची मुख्य चाल पहिल्या टेनरांकडे असते आणि गडगडाट खर्जवाल्यांकडे. या दोघांच्या मधे जे उरतं, ते दुसऱ्या टेनरांना देतात. ते नीट गायले तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि चुकले तर गाडी रुळावरून उतरते. लॅम्बर्टला ही व्यवस्था शिक्षकाच्या नोकरीसारखीच वाटे, म्हणून आवडे.

त्या रात्री घरी जाताना त्याने गाडीत एक लांब सूर लावून पाहिला. सूर लागला, पण थरथरत. गेली दोन वर्षं तो थरथरत होता. यंदा कोरसचा चाळिसावा नाताळ, आणि त्या नाताळी आपण लाकडी पायऱ्यांवर उभे असणार की समोरच्या खुर्चीत, हे आता डेव्हनच्या कानावर अवलंबून होतं. लॅम्बर्टला याखेरीज दुसरा नाताळ नव्हता. शेबॉयगनमधल्या त्याच्या भावाने १९८९ साली त्याला घरी बोलवायचं बंद केलं होतं. बारा वर्षांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा लॅम्बर्टने कळवलं की तालीम आहे. खरंच होती.

कोरसचा इतिहास कार्यक्रमपत्रिकेत दरवर्षी छापला जातो आणि दरवर्षी जरा अधिक शूर होत जातो. त्यात लिहिलंय, की १९८६ साली अकरा धाडसी पुरुषांनी समाजाला आव्हान देत पहिला नाताळचा कार्यक्रम केला. अकरा हे खरं आहे. पण त्यातले चौघे पत्रिकेत 'एक मित्र' या नावाने छापले होते, आणि एका वर्तमानपत्राने 'गे' हा शब्द गाळून जाहिरात छापल्यामुळे वॉकेशाहून भाविक म्हाताऱ्यांची एक अख्खी बस चुकून येऊन थडकली होती. म्हाताऱ्या आल्या, बसल्या, पहिल्या दोन गाण्यांत काय ते समजल्या, आणि एवढ्या बर्फात परत कुठे जायचं म्हणून बसून राहिल्या. शेवटी त्यांनी आल्याच्या बिस्किटांची कृती विचारली. पुढच्या वर्षी त्या पुन्हा आल्या. समाजाला दिलेलं आव्हान समाजाने असं बिस्किटांवर मिटवलं.

आता नव्वद गायक आहेत. एका विमा कंपनीचं चिन्ह पडद्यावर झळकतं. पहिल्या भागात पवित्र गाणी होतात. मग यहुदी सणाची दोन, ती नव्वदांतल्या एकुलत्या एका यहुद्याकडे कृतार्थ नजरेने पाहत गायची असतात. मध्यंतरानंतर बारा जण रेनडिअरची शिंगं आणि शरीराला न शोभणारे लांब, घट्ट पायमोजे घालून नाचतात. आणि सगळ्यात शेवटी दिवे मंद करून 'शेवटचं' गातात. त्या गाण्याला दुसरं नाव कधी पडलंच नाही. पहिला कंडक्टर आयरा मॅटिंगली याने ते स्वतः रचलं होतं. बर्फातून चालत येणारा एक माणूस आणि ओसरीवर कुणीतरी त्याच्यासाठी तेवता ठेवलेला दिवा, एवढंच त्यात आहे. चौथ्या ओळीच्या टोकाला 'घर' हा शब्द येतो, आणि तिथे पहिल्या रांगेतल्या बायका हातरुमाल काढतात.

नव्या माणसाला हे सारं शिकवायची कोरसची एक पद्धत होती. सुरुवातीच्या अकरांपैकी आठ जणांना लिखित स्वर वाचता येत नसत. म्हणून प्रत्येक नवख्याच्या डाव्या बाजूला एक जुना माणूस उभा करायचा. तो नवख्याच्या कानात गाणार आणि नवखा ऐकून उचलणार. त्या जुन्याला नवख्याचा 'डावा' म्हणत. नंतर ती वाईट वर्षं आली. एड्सने एकेक डावा नेला, की रांग एक पाऊल डावीकडे सरकायची आणि काल शिकलेला आज कुणाचा तरी डावा व्हायचा. १९९३ पर्यंत रांग इतकी सरकली होती, की आयराकडून थेट गाणं शिकलेला एकही माणूस उरला नव्हता.

लॅम्बर्टचा डावा होता फर्डी मॅचेक. सॉसेजच्या कारखान्यात कामाला, मान बैलाची, आवाज गोड आणि डोकं दगडी. लॅम्बर्टला स्वर वाचता येत. पहिल्याच तालमीत त्याने कागद पाहिला आणि फर्डीचं गाणं ऐकलं.

"तू 'घर'ला चुकतोस," तो म्हणाला. "तिथे एक पायरी वर जायचंय. तू खालीच राहतोस."

"वर कशाला जायचं?" फर्डी म्हणाला. "माणूस घरी आलाय. घरी आल्यावर कोणी जिना चढतं का?"

"इथे लिहिलंय."

"तू कालचा आलेला, मास्तर. लिहिलेलं तू शाळेत दाखव."

हे भांडण साडेतीन वर्षं चाललं. तालमीला चाललं, शुक्रवारी तळलेले मासे खाताना चाललं, शेवटी दवाखान्यातही चाललं. लोकांना वाटे, या दोघांचं काहीतरी आहे. काही नव्हतं, भांडणातून वेळच मिळत नव्हता. फर्डी १९९३ च्या मार्चमध्ये गेला, चूक कबूल न करता.

त्या डिसेंबरात लॅम्बर्टने 'घर'ला बरोबर सूर लावला. तो एकटाच वर गेला. बाकीचे दहा दुसरे टेनर फर्डीचे चेले होते, ते खालीच राहिले. दहा जण मिळून चुकले आणि एक जण बरोबर असला, की ऐकणाऱ्याला चुकलेला कोण वाटणार, हे सांगायला नको. वॉकेशाच्या एका म्हातारीने नंतर त्याची चौकशी केली, घसा बसलाय का म्हणून. पुढच्या वर्षीपासून लॅम्बर्ट खाली राहिला. मग तोच सगळ्यांचा डावा झाला, आणि ज्याने आयुष्यात कुठल्या मुलाला चुकीचा सूर शिकवला नाही, त्याने बत्तीस वर्षं मोठ्या माणसांना फर्डीची चूक मनापासून शिकवली. २००४ साली कुणा उत्साही माणसाने जुनी चोपडी हरवली म्हणून ध्वनिफितीवरून ऐकून नवी प्रत छापली. चुकीला छापील कागद मिळाला आणि तिची सारी चिंता मिटली.

यंदाच्या ऑक्टोबरात आयराच्या बहिणीने माळा आवरताना सापडलेली एक पेटी पाठवली. तीत 'शेवटचं'ची हस्तलिखित प्रत होती. डेव्हनने ती उघडली, छापील प्रतीशी ताडून पाहिली, आणि तालमीला आला तो ताज्या खुनाचा माग लागलेल्या फौजदारासारखा.

"दुसरे टेनर," तो म्हणाला, "चौथ्या ओळीला तुम्ही किती वर्षं हा सूर गाताय?"

शाळेत काच फुटली की वर्ग जसा बसतो, तसे अठरा मोठे पुरुष बसले.

"छत्तीस तरी," लॅम्बर्ट म्हणाला. "फर्डी मॅचेकपासून."

फर्डी कोण, कधी गेला, कशाने गेला, एवढं डेव्हन विचारेपर्यंत ठीक होतं. पण समितीचा अध्यक्ष प्रेस्टन होल्ट मागे बसला होता. प्रेस्टन त्या विमा कंपनीत जाहिरातींचं बघे. एड्सने गेलेला माणूस आणि त्याचा मागे राहिलेला सूर या दोन गोष्टी एका वाक्यात ऐकताच त्याचे डोळे भरून आले. ते भरून आलेले डोळे पुसायच्या आत त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याने लॅम्बर्टला कॉफीला बोलावलं.

"लॅम्बर्ट, हा सूर बदलायचा नाही," प्रेस्टन म्हणाला. "आठवणीचा सूर म्हणायचं त्याला. त्या शब्दाला जांभळा दिवा पडेल. आणि त्याआधी तुम्ही एकटे पुढे याल आणि दोन मिनिटं बोलाल."

"काय बोलू?"

"फर्डी आजारी होता. छातीत जोर नव्हता, वरचा सूर लागत नव्हता. तो खाली आला, आणि त्याला एकटं वाटू नये म्हणून सगळे मित्र त्याच्याबरोबर खाली आले. आणि तेव्हापासून तुम्ही सगळे तिथेच आहात." प्रेस्टनने बाही वर सारली. "मला आत्ताच काटा आला बघा अंगावर."

"चांगली आहे गोष्ट," लॅम्बर्ट म्हणाला. "पण तेव्हा तो एकेका हाताने अर्धं डुक्कर उचलत होता. त्याला सूर लागत होता. त्याला लावायचा नव्हता."

"हे तुमच्याखेरीज कुणाला माहीत आहे?"

लॅम्बर्टने आठवून पाहिलं. कुणालाच माहीत नव्हतं.

"आणि त्या परीक्षेचं मनावर घेऊ नका," प्रेस्टन म्हणाला. "डेव्हनशी मी बोललोय. ज्याने हा सूर जपला, त्याची परीक्षा कोण घेणार? तुमची जागा पक्की. मधोमध, पहिल्या पायरीवर."

लॅम्बर्ट घरी आला, आणि न्हाणीघरातल्या आरशासमोर उभं राहून त्याने ती दोन मिनिटं बोलून पाहिली. शिक्षकाला गोष्ट सांगता येतेच. पहिल्या खेपेला अडखळला. दुसऱ्या खेपेला 'एकटं वाटू नये म्हणून' यापाशी त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. खोटं इतकं चांगलं जमतंय हे पाहून तो घाबरला. तशी त्याने जन्मभर खोटी वाक्यं बोलली होती. बासरीतून कुत्र्याचं केकाटणं काढणाऱ्या मुलांना 'छान, पुढच्या वेळी आणखी छान' म्हटलं होतं. पण ते मूल समोर असे आणि पुढच्या वेळी खरंच सुधारे. फर्डी काय सुधारणार होता? उलट फर्डीला ही गोष्ट आवडलीच असती. जांभळा दिवा फार लहान आहे म्हणून त्याने तक्रार केली असती.

रात्रभर ही बेरीज-वजाबाकी चालली. बोललं तर जागा मिळते. न बोललं तर परीक्षा, आणि परीक्षेत थरथर.

सोमवारी तालमीला नव्वद जण बसले होते. प्रेस्टनने माइक दिला आणि दिव्यांच्या माणसाला खूण केली. भिंतीवर जांभळा ठिपका उमटला.

"फर्डी मॅचेक माझा डावा होता," लॅम्बर्ट म्हणाला. "तो सॉसेज करायचा. त्याच्यासारखा आवाज मी पुन्हा ऐकला नाही."

प्रेस्टनने मान डोलावली.

"आणि या जागेवर तो चुकत होता. आजारपणाने नाही. हट्टाने. मी त्याला साडेतीन वर्षं सांगितलं. त्याने ऐकलं नाही. तो गेल्यावर मी एकटा पडलो, म्हणून मीही चुकायला लागलो, आणि मग तुम्हा सगळ्यांना चुकायला शिकवलं. त्याची मी माफी मागतो. चूक करणं पाप नाही, हे मी पहिलीच्या मुलांनाही सांगायचो. पण चूक ती चूकच. तिच्यावर दिवा टाकला म्हणून ती बरोबर होत नाही."

मग व्हर्जिल मोठ्याने म्हणाला, "म्हणजे एकोणीस वर्षं मी खोटं गातोय? मास्तर, मी बस चुकीच्या रस्त्याने नेली असती तर लोकांनी फाडून खाल्लं असतं मला."

"तुझ्या बसला प्रवासी होते," लॅम्बर्ट म्हणाला. "दुसऱ्या टेनरांकडे कोण बघतंय?"

हशा पिकला. प्रेस्टन हसला नाही. "जांभळ्या दिव्याचं ठरून गेलंय," तो हळूच म्हणाला.

"रेनडिअरवर टाका," कोणीतरी सुचवलं. शेवटी तो तिथेच पडला, आणि मानावं लागेल, बारा जणांच्या पायमोज्यांना त्याची गरज होती.

मग लॅम्बर्टने दुसऱ्या टेनरांना बाजूच्या खोलीत नेलं आणि बरोबर सूर शिकवला. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. न येणारं शिकवता येतं. येत असलेलं विसरायला लावणं कठीण. त्याने हात छातीपाशी आडवा धरला, तो खालचा सूर. मग कपाळापाशी नेला, तो वरचा. सहा वर्षांच्या मुलांना शिकवायचा तसं. अठरा पुरुष, त्यांत एक न्यायाधीश आणि एक दातांचा डॉक्टर, हात वर-खाली करत 'घर, घर' म्हणत राहिले. न्यायाधीश सारखा खालीच घसरे.

"पुन्हा," लॅम्बर्ट म्हणे. "घाई नाही. पुन्हा."

तिसऱ्या सोमवारी अठराही वर गेले. त्या वेळी लॅम्बर्टला जे आधीच माहीत होतं ते सगळ्यांना कळलं. तो स्वतः वर जात नव्हता. हात कपाळापाशी होता, आवाज छातीपाशीच राहिला होता.

परीक्षा गुरुवारी दुपारी होती. खोलीत डेव्हन, पियानो आणि लॅम्बर्ट. स्वर वाचून झाले, तालाचं झालं, त्यात डेव्हनला काही काढता आलं नाही. मग त्याने 'शेवटचं'ची चौथी ओळ मागितली. लॅम्बर्टने तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा सूर फाटला, दुसऱ्यांदा विरला. तिसऱ्यांदा जे निघालं, त्याला सूर म्हणता आलं नसतं.

"तुमचा आवाज थरथरतो," डेव्हन शेवटी म्हणाला.

"चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे तो. थंडी वाजते त्याला."

डेव्हनला हसू आलं, ते त्याने गळपट्ट्यात लपवलं. "एक विचारू? त्या दिवशी प्रेस्टनचं ऐकलं असतंत, तर तुम्हाला इथे यावंच लागलं नसतं. आणि जुनाच सूर राहिला असता, जो तुम्हाला लागतो."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय. दुसऱ्याची चूक बत्तीस वर्षं तपासायची राहिली होती. तपासली."

डेव्हन पियानोच्या पट्ट्यांकडे पाहत बसला. "तुम्हाला काढलं, तर पुढचं सगळं त्या अठरा जणांना मला शिकवावं लागेल," तो म्हणाला. "मी एकदा प्रयत्न केला होता. न्यायाधीशांनी मला कायदा सांगितला. असं करू, बाकी सगळं तुम्ही गा. त्या एका शब्दाला नुसते ओठ हलवा. कुणाला कळणार नाही."

लॅम्बर्टने समोरचा कागद उलटा ठेवला. "एकोणऐंशी साली डोरीन नावाची एक मुलगी होती माझ्या वर्गात," तो म्हणाला. "पालक येणार होते आणि ती फार बेसूर होती. मी तिला सांगितलं, बाळ, तू नुसते ओठ हलव. तिने हलवले. त्या दिवशी हलवले, आणि शाळा सोडेपर्यंत प्रत्येक गाण्याला हलवत राहिली. त्यानंतर मी ते कुणाला सांगितलं नाही. मी ओठ हलवणार नाही, डेव्हन. तोंड बंद ठेवीन. सरळ."

"दुसऱ्या पायरीवर आहात तुम्ही. लोकांना दिसेल."

"दिसू दे. मला येत नाही, एवढंच दिसेल ना?"

डेव्हनने यादीत त्याच्या नावापुढे खूण केली. "मला हे आवडलेलं नाही," तो म्हणाला. "नोंद असू दे."

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सरोवरावरून इतका बोचरा वारा सुटला होता, की प्रेक्षकांनी कोट अंगावरच ठेवले. पवित्र गाणी झाली. एकुलत्या यहुद्याकडे पाहून झालं. शिंगं आणि पायमोजे जांभळ्या उजेडात नाचून गेले, आणि एका रेनडिअरचं शिंग पहिल्या रांगेत पडलं. ते एका म्हातारीने आठवण म्हणून पिशवीत टाकलं. मग दिवे मंद झाले आणि 'शेवटचं' सुरू झालं.

लॅम्बर्ट तीन ओळी गायला. थरथरत, पण गायला. चौथ्या ओळीच्या टोकाला त्याने तोंड मिटलं आणि हात बाजूला ठेवून उभा राहिला.

त्याच्या चारी बाजूंनी अठरा जण एक पायरी वर गेले. न्यायाधीशसुद्धा गेला. छत्तीस वर्षं त्या जागी मिटून असलेलं गाणं अचानक उघडलं, जसं बंद खोलीचं दार कोणी लोटावं. माणूस बर्फातून घरी पोचला होता आणि सूर वर गेला होता, आणि ते इतकं उघड होतं, इतकं सोपं, की शाळेतल्या मुलालाही कळलं असतं. आयराला ते नेमकं असंच हवं होतं. फर्डी साडेतीन वर्षं चुकला होता. सपशेल चुकला होता. या भांडणात लॅम्बर्ट जिंकला होता, हजार साक्षीदारांसमोर.

त्याने डावीकडे, फर्डीच्या जागेकडे मान वळवली. तिथे व्हर्जिल होता, डोळे मिटून, मान ताणून, सूर धरून ठेवायच्या खटपटीत घामाघूम. त्याच्यापलीकडे दातांचा डॉक्टर. त्याच्यापलीकडे पायरीची कड.

पुढची ओळ सुरू झाली. लॅम्बर्ट तिच्यात अर्धा ठोका उशिरा शिरला. हजार माणसांत ते फक्त डेव्हनला कळलं, आणि त्याने हाताने त्याला हळूच आत घेतलं.